गवत काढा, पण झाडं मारू नका : अॅरिझोनाच्या फिनिक्स व्हॅलीतल्या मराठी घरमालकांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

चँडलर, गिल्बर्ट, क्वीन क्रीक, पिओरिया, जिथं कुठं तुम्ही नवीन घर घेतलंय किंवा घ्यायच्या विचारात आहात, त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. आपली माणसं इथं आता भरपूर झालीत, कोणी इंटेलमुळे आलं, कोणी कॅलिफोर्नियातल्या घरांच्या किमतींना कंटाळून, कोणी थेट पुण्याहून, आणि घराची चावी हातात आली की पहिला प्रश्न असतो तो बॅकयार्डचा, कारण बिल्डर पुढचं अंगण करून देतो आणि मागं नुसती माती सोडतो. मग लँडस्केपर येतो, आयपॅडवर थ्रीडी डिझाइन दाखवतो, आणि शेवटी जे होतं ते गल्लीतल्या दहाही घरांत सारखंच असतं. पेव्हर्स म्हणजे फरशीचे ब्लॉक, मधोमध आर्टिफिशियल टर्फचा, म्हणजे प्लास्टिकच्या खोट्या गवताचा हिरवा चौकोन, बाकी सगळी खडी, भिंतीला लागून दोन पाम. हजारो डॉलर जातात आणि सावली देणारं झाड एकही नाही! मेपासून सप्टेंबरपर्यंत त्या अंगणात कोणी पाऊल टाकत नाही, मुलं आतच, आई-बाबा भारतातून आले की तेही आतच, पडदे ओढून.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगते. इथं बाग करायची म्हणजे आधी सावली करायची, बाकी सगळं त्यानंतर. आणि पाणी वाचवायचं म्हणून गवत काढत असाल तर अगदी जरूर काढा, पण त्याच झटक्यात जुनी झाडं मारू नका, आणि हे नकळत होतं म्हणून जास्त काळजी वाटते.

गरमीचं तर तुम्ही अनुभवताच आहात. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या हिशोबाने ४३ च्या पुढे, आणि पुढच्याच वर्षी, २०२४ ला, असे ११० च्या वरचे दिवस मोजले तर ७० भरले. दिवसाचं एक वेळ ठीक आहे, एसी आहे, पण खरी बोंब रात्रीची आहे. पेव्हर्स, खडी, ब्लॉकच्या भिंती, डांबरी रस्ते, हे सगळं दिवसभर तव्यासारखं तापतं आणि रात्रभर ती उष्णता सोडत बसतं. त्या २०२३ च्या उन्हाळ्यात सग्वारोंचे, म्हणजे इथल्या त्या उंच निवडुंगांचे, हात गळून पडले, काही पूर्ण आडवे झाले, फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमधल्या लोकांनी हे जाहीर सांगितलं होतं. सग्वारो रात्री आपली रंध्रं उघडतो, रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आणि रात्रच थंड होत नसेल तर त्या बिचाऱ्याला दम घ्यायलाच मिळत नाही. वाळवंटाचा राजा म्हणतो आपण ज्याला, त्याची ही गत, मग तुमच्या टर्फशेजारी खडीत लावलेल्या जास्वंदीचं काय होणार ते सांगायलाच नको.

आणि टर्फबद्दल बोलायचंच झालं तर दुपारी त्याचा पृष्ठभाग दीडशे फॅरनहाइटच्या वर जातो, म्हणजे ६५ सेल्सिअस. त्यावर रांगतं बाळ सोडता येत नाही, कुत्रा सोडता येत नाही. गरम डांबरावर, काँक्रीटवर पडून भाजलेली माणसं इथल्या बर्न सेंटरमध्ये दर उन्हाळ्यात येतात, तेव्हा ही अतिशयोक्ती समजू नका. टर्फ अगदी लावूच नका असं नाही म्हणत मी, लहान मुलांना पळायला थोडी जागा हवी असते हे कळतं, पण मग तो तुकडा छोटा ठेवा आणि दुपारनंतर त्याच्यावर झाडाची सावली येईल अशा जागी ठेवा.

आता हे पण ऐका की वाळवंटात झाडं नसतातच, इथं खडी आणि निवडुंगच नॅचरल, हा जो समज आहे ना तो साफ चुकीचा आहे. आपण राहतो ते सोनोरन वाळवंट हे जगातल्या हिरव्या वाळवंटांपैकी एक आहे, इथं दोनदा पाऊस येतो, हिवाळ्यात थोडा आणि मग जून मध्य ते सप्टेंबर मान्सून (हो, इथंही मान्सूनच म्हणतात). एकूण मिळून फिनिक्सला वर्षाला साधारण ७ इंच, म्हणजे १८० मिलिमीटरच्या आसपास. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या माण तालुक्यातसुद्धा याच्या दुपटीहून जास्त पडतो. तरी एवढ्याशा पावसावर पालो वर्दे, मेस्किट, आयर्नवूड अशी झाडं हजारो वर्षं उभी आहेत, आणि सग्वारोचं रोपटं वाढतं ते बहुतेक वेळा यांच्याच पायाशी, यांच्या सावलीत, कारण उघड्यावर ते कोवळेपणीच जळून जातं किंवा थंडीनं मरतं. म्हणजे वाळवंटालासुद्धा सावली लागतेच, आपणच ती काढून टाकतोय.

झाड कुठं लावायचं हा अर्धा निकाल असतो. घराच्या पश्चिमेला. संध्याकाळी चार ते सात जे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर येतं ते सगळ्यात वाईट, एसीचं बिल तिथं चढतं. भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडा, झाड मोठं होणार आहे हे डोक्यात ठेवा, ब्लॉक वॉलला चिकटवून लावू नका. कोणतं लावायचं? पालो वर्देत 'डेझर्ट म्युझियम' नावाचा हायब्रिड आहे, काटे नाहीत, खोड हिरवं, एप्रिलमध्ये पिवळ्या फुलांनी असा लगडतो की खाली सडा पडतो, भराभर वाढतो. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेडी बाभळीचा भाऊ, त्यामुळे नाव काढलं की आपल्या लोकांचं तोंड वाकडं होतं, पण इथला वेल्व्हेट मेस्किट हा इथल्याच मातीतला आहे, त्याच्या गोड शेंगांचं पीठ इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या खात आलेत. फुलं हवी असतील तर डेझर्ट विलो, हिवाळ्यात पानं गाळून ऊन आत येऊ देतं. चायनीज पिस्ताश आहे, लाइव्ह ओक आहे. फायकस मात्र लावू नका, नर्सरीत स्वस्त आणि हिरवागार दिसतो म्हणून लोक रांगेनं लावतात आणि मग एक उन्हाळा असा येतो की फांद्या काळ्या पडतात. पामबद्दल काय बोलू, त्याच्या सावलीत एक खुर्चीसुद्धा मावत नाही.

ओळखीची झाडंही इथं चिक्कार आहेत बरं का. शंकासुर इथं रस्त्याच्या दुभाजकांवर सगळीकडे आहे, रेड बर्ड ऑफ पॅरडाइज म्हणून विकतात, जुलैच्या भर उन्हात नारिंगी पेटलेला असतो. बोगनवेल पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर सुखात राहते. घायपात, कोरफड, घाणेरी, सगळं नर्सरीत मिळतं. कण्हेर तर कुंपणाला उंचच उंच असते, पण ती विषारी आहे हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, घरात लहान मूल असेल तर नवीन लावू नका. मोगरा सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की मस्त येतो. डाळिंब, अंजीर, बोर ही तिन्ही झाडं इथं इतकी आनंदात वाढतात की प्रत्येक मराठी घरात यातलं एक तरी असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. शेवगा पण. तो डिसेंबर-जानेवारीच्या फ्रॉस्टला, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीला, वरून जळतो, घाबरू नका, बुंधा राहू द्या, मार्चमध्ये खालून फुटतो आणि सप्टेंबरपर्यंत माणसाच्या डोक्यावर जातो.

कढीपत्त्याचं एक स्पष्ट सांगते कारण दर वर्षी कोणीतरी बॅगेतून आणतं. भारतातून कढीपत्त्याचं रोप, बिया, ताजी पानं काही आणू नका. त्याच्यावर एशियन सिट्रस सिलिड नावाचा किडा येतो, तो संत्र्या-लिंबाच्या झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग देतो आणि त्या रोगावर औषध नाही. सिट्रस, म्हणजे ही संत्र्या-लिंबाची झाडं, हे अॅरिझोनाच्या शाळेत राज्याची ओळख म्हणून शिकवतात त्या पाच 'सी'पैकी एक, कॉपर, कॅटल, कॉटन, क्लायमेट आणि सिट्रस. आपल्या एका फोडणीपायी शेजाऱ्याचं चाळीस वर्षांचं संत्र्याचं झाड जायला नको. इथल्या लायसन्स असलेल्या नर्सरीतून घ्या, कुंडीत ठेवा, उन्हाळ्यात दुपारी आडोशाला आणि थंडीत आत.

लिंबू-संत्रं असेल तर खालच्या फांद्या छाटू नका, त्या खोडावर सावली धरतात. आणि खोड उघडं पडलंच असेल तर पांढरा रंग द्या, कारण साल उन्हानं अक्षरशः भाजते. खत वर्षातून तीनदा, इथले जुने लोक व्हॅलेंटाइन, मेमोरियल डे आणि लेबर डे, म्हणजे फेब्रुवारी, मेअखेर आणि सप्टेंबरची सुरुवात, असं लक्षात ठेवतात.

आता पाणी. नव्याण्णव टक्के घोळ इथं आहे. इरिगेशनचा कंट्रोलर, म्हणजे पाण्याचा टायमर, बिल्डरच्या माणसानं सेट केलेला असतो, रोज दहा मिनिटं ड्रिप, आणि तो तसाच वर्षानुवर्षं चालू राहतो. रोज दहा मिनिटांनी वरची चार इंच माती ओली होते, मुळं तिथंच वर राहतात, झाड वर मोठं आणि खाली पोकळ, आणि मग मान्सूनमध्ये हबूब येतो, धुळीची ती भिंत, सोबत वारा, आणि सकाळी उठून बघावं तर अख्खा मेस्किट मुळासकट कारवर आडवा. वारा निमित्त असतो, खरं कारण पाणी! शिवाय आपलं पाणी क्षारांचं आहे, कोलोरॅडो आणि सॉल्ट या नद्यांचं, ते थोडं थोडं दिलं की क्षार मुळांपाशीच साठतात, पानांच्या कडा तपकिरी होतात आणि माणूस म्हणतो पाणी कमी पडतंय, अजून पाच मिनिटं वाढवा. कमी नाही हो, उथळ पडतंय.

इथला नियम सोपा आहे, एक-दोन-तीन. छोट्या रोपांना एक फूट खोल ओल, झुडपांना दोन फूट, झाडांना तीन फूट, प्रत्येक वेळी. म्हणजे मोठ्या झाडाला ड्रिप सलग काही तास चालवायचं आणि मग सोडून द्यायचं, वाळवंटी झाड रुळलेलं असेल तर उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांतून एकदा, हिवाळ्यात एक-दोन महिन्यांतून एकदा. नवीन झाडाला पहिले एक-दोन उन्हाळे जास्त वेळा लागतं, ते वेगळं. ओल कुठवर गेली हे बघायला एक लांब लोखंडी सळई घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी झाडाच्या घेराखाली दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरडी लागली की टक्कन थांबते, हाताला लगेच कळतं. सळई आठ इंचांवर थांबली तर कंट्रोलर बदला, बाकी कुणाचं ऐकू नका. आणि ड्रिपचे एमिटर, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोट्या, खोडाला चिकटून असतील तर सरकवा, झाडाचा घेर जिथं संपतो तिथं पाणी हवं, मुळं तिथं असतात, झाड वाढेल तसे एमिटर बाहेर बाहेर न्यायचे.

मेसा, टेंपी, सेंट्रल फिनिक्स अशा जुन्या भागात घर घेत असाल आणि अंगणाला चारी बाजूंनी छोटा बांध दिसला तर खुशाल आनंद माना, तिथं कालव्याचं पाणी पाळीनं येतं. आपल्याकडच्या पाटपाण्यासारखंच, ठरलेल्या दिवशी, कधी कधी रात्री दोन वाजता, उठून व्हॉल्व्ह उघडायचा आणि अंगण भरून घ्यायचं. होहोकाम लोकांनी हजार वर्षांपूर्वी याच खोऱ्यात शेकडो मैलांचे कालवे खणले होते, आणि आजचे काही कालवे त्यांच्याच वाटेनं जातात. तिथली पिकान, संत्र्याची मोठी झाडं त्या पाण्यावरच उभी आहेत. घर घेतल्यावर 'कोण रात्री उठणार' म्हणून ते पाणी बंद केलेली काही आपलीच मंडळी मला माहीत आहेत, आणि नंतर त्या झाडांचं काय झालं तेही मी पाहिलंय. प्लीज, तसं करू नका.

म्हणजे परत मूळ मुद्द्यावरच आलो. गवतात जी झाडं असतात ती गवताच्या स्प्रिंकलरवर जगत असतात. तुम्ही गवत काढता, स्प्रिंकलर बंद करता, वर काळं प्लास्टिक आणि खडी टाकता, दोन नवीन झुडपांना ड्रिप जोडता, आणि वीस वर्षांचं ते झाड ऑक्टोबरमध्ये हिरवं दिसतं, एप्रिलमध्येही दिसतं, आणि जुलैत एका फटक्यात वाळतं. तेव्हा लँडस्केपर म्हणतो उष्णतेनं गेलं. उष्णतेनं नाही गेलं, तहानेनं गेलं. गवत काढायच्या आधी झाडाला स्वतःचं ड्रिप लाइन आणि स्वतःचा व्हॉल्व्ह द्या, झुडपांपासून वेगळा, कारण दोघांची वेळापत्रकं वेगळी आहेत. जास्तीचा एक व्हॉल्व्ह टाकायला सगळ्या खर्चाच्या मानानं काहीच लागत नाही.

गवत काढाच हे पण तेवढ्याच जोरात सांगते. बर्म्युडा गवत उन्हाळ्यात, मग ऑक्टोबरमध्ये त्यावर राय हे थंडीतलं गवत पेरायचं म्हणजे हिवाळ्यातही हिरवं, आणि ते राय उगवावं म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पाणी, हे सगळं समोरच्या अंगणातल्या अशा तुकड्यासाठी ज्यावर कोणी बसत नाही. कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली आणि पहिला मोठा फटका अॅरिझोनालाच बसला. स्कॉट्सडेलनं २०२३ पासून नवीन घरांना पुढच्या अंगणात खरं गवत लावायला बंदीच केली. बऱ्याच शहरांत गवत काढायला पैसे परत मिळतात, पण बहुतेक ठिकाणी अर्ज आधी करावा लागतो, आधी गवत उपटून मग अर्ज केला तर हाती काही लागत नाही. आणि तुमची वीज एसआरपीची (सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट, इथली वीज-पाणी पुरवणारी संस्था) असेल तर त्यांचा शेड ट्री प्रोग्राम आहे, छोटा वर्कशॉप करायचा आणि सावलीचं झाड फुकट मिळतं. हे माहीत नसलेली इतकी घरं आपल्या ओळखीत आहेत की वाईट वाटतं.

झाड लावायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, माती अजून गरम असते, हवा उतरलेली असते, मुळं हिवाळाभर पसरतात. फ्रॉस्टला नाजूक असलेली, म्हणजे लिंबू, शेवगा, आंबा, ही मार्चमध्ये. खड्डा खणायच्या आधी ८११ या फोन नंबरवर कळवा, गॅसची आणि केबलची लाइन कुठं आहे ते येऊन फुकट मार्क करून जातात. दोन फुटांवर पांढरा दगडासारखा थर लागला तर तो चुनखडीचा, इथं कलीची म्हणतात, पहारीनं फोडावाच लागतो. खड्डा पाण्यानं भरून बघा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथं झाड बुडून मरेल, जागा बदला. खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याएवढाच खोल पण तीन-चार पट रुंद हवा. नर्सरीनं घट्ट बांधलेली काठी सोडून टाका, वाऱ्यात हलल्याशिवाय खोड जाड होत नाही.

भाज्यांचं वेगळं लिहायला हवं, थोडक्यात एवढंच की भारतातलं आणि अमेरिकेच्या पाकिटावरचं दोन्ही वेळापत्रकं विसरा. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा ऑक्टोबर ते मार्च. टोमॅटोची रोपं फेब्रुवारीच्या शेवटी जमिनीत, कारण जूनच्या उन्हात फूल धरतच नाही. भेंडी, गवार, चवळी मात्र भर उन्हाळ्यात, आणि तीही पश्चिमेला सावली असेल तर जास्त चांगली.

शेवटी एक काम सांगते, तेवढं नक्की करा. या वर्षी बऱ्याच कम्युनिटीजमध्ये एचओए (घरमालकांची सोसायटी) कॉमन एरियातलं गवत काढून खडी टाकायचे प्रस्ताव आणतायत. आपली मंडळी त्या मीटिंगला जात नाहीत, ईमेल न वाचता डिलीट करतात. जा. तिथं उभं राहून तीन गोष्टी विचारा, की असलेल्या झाडांना वेगळं ड्रिप देणार का, ते गवत काढायच्या आधी देणार का नंतर, आणि जे झाड मेलं त्याच्या जागी झाड लावणार की खडी. उत्तर मीटिंगच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहून घ्यायला सांगा. आणि तीच तीन वाक्यं तुमच्या लँडस्केपरच्या कॉन्ट्रॅक्टमध्येही घाला, सही करायच्या आधी.

तुमचीच,
चँडलरमधली एक शेजारीण